लेन्स पुसूनही ‘नो डिस्क’ परत येत असेल तर

डीव्हीडी प्लेअर सुरू होतो, ट्रे आत जातो, पडद्यावर ‘लोडिंग’ ही अक्षरे उमटतात, आतून दोन-तीन वेळा खरखर ऐकू येते आणि शेवटी ‘नो डिस्क’ असे लिहून येते. दुकानात नेल्यावर लेन्स पुसली जाते, प्लेअर चालू लागतो, आणि आठ-पंधरा दिवसांत तोच बिघाड पुन्हा उभा राहतो. परभणी जिल्ह्यात मी 20 वर्षांहून अधिक काळ दुरुस्तीचे काम करतो आहे आणि माझ्याकडे येणारे बरेचसे प्लेअर असे दोन-तीनदा पुसून झालेले असतात. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. लेन्स पुसल्यावर बिघाड गेला आणि काही दिवसांतच परत आला, तर मूळ कारण बहुतेक वेळा लेन्सवरच्या धुळीत नसते. वाचनाची कुवत कुठेतरी काठावर आलेली असते. पुसल्याने तिला थोडा आधार मिळतो आणि किंचित धूळ बसताच ती पुन्हा कोलमडते. म्हणून लेन्सला हात लावण्याआधी बिघाड केव्हा येतो, कोणत्या डिस्कवर येतो आणि डिस्कच्या कोणत्या भागात येतो, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

गाणी आणि चित्रपट मोबाइलवर आल्यापासून प्लेअरची गरज संपली असे अनेकांना वाटते. आमच्याकडे तसे झालेले नाही. लग्नाचे चित्रण, गावातल्या सप्ताहातले कीर्तन, शाळेचे स्नेहसंमेलन, एखाद्या थोरल्या माणसाचे बोलणे हे सारे 2000 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत सीडीवर आणि डीव्हीडीवर साठवले गेले, आणि कित्येक घरांत त्याची दुसरी प्रत नाही. नवा प्लेअर आता तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. त्यामुळे जुना नीट दुरुस्त होणे महत्त्वाचे आहे, आणि चुकीच्या दुरुस्तीने तो कायमचा जाणे टाळणे त्याहून महत्त्वाचे.

आत नेमके काय घडते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सारी तपासणी त्यावर उभी आहे. डिस्कवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते. सीडीवर या वाटेच्या दोन फेऱ्यांमधले अंतर 1.6 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर डीव्हीडीवर ते केवळ 0.74 मायक्रॉन. सीडी वाचायला 780 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा लेसर लागतो. डीव्हीडीला 650 नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो. लेन्स बारीक तारांवर लटकलेली असते आणि दोन प्रकारच्या वेटोळ्यांतील विजेने ती वर-खाली व आडवी हलवली जाते, कारण फिरणारी डिस्क कितीही चांगली असली तरी थोडी डुलते आणि लेन्सला ते डुलणे एक-दोन मायक्रॉनच्या आत भरून काढावे लागते. किरण परत आला, त्यातून पुरेसा संकेत मिळाला, तर डिस्क आहे असे यंत्राला कळते. संकेत कमी पडला, मग तो डिस्कमुळे असो, मोटरमुळे असो, विजेमुळे असो की लेसरमुळे, पडद्यावर येणारे शब्द मात्र तेच असतात : ‘नो डिस्क’. एकाच शब्दामागे इतकी कारणे दडलेली असल्यामुळेच सारा दोष लेन्सच्या माथी मारला जातो.

झाकण उघडण्याआधी

वाचन नेहमी आतल्या कडेपासून सुरू होते. मध्यापासून साधारण 23 ते 25 मिलिमीटर अंतरावर डिस्कची ओळख आणि अनुक्रमणिका असते. ती वाचता आली नाही तर पुढचे सारे चांगले असूनही डिस्क उघडत नाही. म्हणून मधल्या भोकाजवळचा ओरखडा लहान असला तरी घातक ठरतो, आणि कडेचा मोठा ओरखडा कधी कधी जाणवतही नाही. डिस्क नीट सुरू होऊन शेवटच्या भागात अडकत असेल, तर लेन्सपेक्षा तिला बाहेर नेणारे दात आणि दांड्या तपासाव्यात, किंवा डिस्क वाकली आहे का ते काचेवर ठेवून पाहावे.

यानंतर तीन डिस्कांची परीक्षा घ्यावी. हाताशी एक कंपनीने छापलेली गाण्यांची सीडी, एक छापील डीव्हीडी आणि एक घरी किंवा स्टुडिओत लिहिलेली डिस्क असावी. छापील सीडी तिच्यावर पडलेला 70 टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश परत फेकते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीत हे प्रमाण 15 ते 25 टक्क्यांपर्यंत खाली येते, आणि दोन थरांची 8.5 जीबीची डीव्हीडीसुद्धा एका थराच्या 4.7 जीबीच्या डीव्हीडीपेक्षा बराच कमी प्रकाश परत देते. छापील डिस्क चालतात आणि लिहिलेल्या किंवा दोन थरांच्या चालत नाहीत, असे दिसले तर यंत्राची कुवत काठावर आहे हे समजावे. सर्व सीडी चालतात पण एकही डीव्हीडी चालत नाही, तर लाल लेसर किंवा डिस्क फिरवणारी स्पिंडल मोटर संशयित असते. डीव्हीडी चालते पण सीडी आणि व्हीसीडी दोन्ही नाकारल्या जातात, तर सीडीचा वेगळा लेसर गेलेला असण्याची शक्यता मोठी. ही पाच मिनिटांची परीक्षा न करता झाकण उघडणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

दोष डिस्कमध्येच असल्याचीही अनेक उदाहरणे आहेत. सीडीचा चकाकणारा थर वाचनाच्या बाजूला नसून नाव छापलेल्या बाजूला, वार्निशाच्या पातळ लेपाखाली असतो. त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा कितीतरी वाईट. डिस्क दिव्यासमोर धरून पाहावी; सुईच्या टोकाएवढी भोके दिसली तर तिथला थर उडालेला आहे आणि कोणत्याही घासण्याने तो परत येणार नाही. लग्नाच्या डिस्कवर वधूवरांच्या छायाचित्राचा कागदी स्टिकर चिकटवण्याची पद्धत आमच्याकडे फार होती. तो एका बाजूने सुटला किंवा वाकडा बसला की डिस्कचा तोल जातो, आणि तो ओढून काढायला गेल्यास सीडीचा थर त्याच्याबरोबर निघून येतो. म्हणून सुटलेला स्टिकर ओढू नये. पातळ चिकटपट्टीने तो जागच्या जागी बसवून त्या डिस्कची प्रत आधी काढावी. लिहिलेल्या डिस्कमधील रंगद्रव्य उन्हाने फिके पडते, आणि खिडकीच्या कोनाड्यात ठेवलेल्या डिस्कचे आयुष्य कपाटातल्या डिस्कपेक्षा पुष्कळ कमी असते.

आणखी दोन गोष्टी बिघाड नसूनही बिघाडासारख्या वाटतात. परदेशातून आणलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडीवर विभागाचा क्रमांक असतो. भारत विभाग 5 मध्ये येतो, अमेरिका 1 मध्ये, आणि आखाती देश 2 मध्ये. क्रमांक जुळला नाही तर प्लेअर निर्दोष असूनही डिस्क नाकारतो. तसेच चित्रण करणाऱ्याने लिहिणे संपल्यावर डिस्क बंद करण्याची शेवटची पायरी, म्हणजे ‘फायनलाइज’, केली नसेल तर ती त्याच्या यंत्रावर चालते आणि इतरांच्या यंत्रावर चालत नाही.

डिस्क स्वच्छ करताना साधे पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि जुन्या धोतराचे धुतलेले मऊ फडके पुरते. फडके मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे, गोल फिरवू नये. सीडीची चूक सुधारण्याची रचना वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड पूर्ण भरून काढते. आडव्या ओरखड्याने प्रत्येक फेरीत थोडासाच खंड पडतो, तर गोल ओरखडा वाटेच्या दिशेनेच जाऊन तिला लांबवर खाऊन टाकतो. टूथपेस्टने घासण्याचा उपाय उथळ ओरखड्यांना कधी कधी लागू पडतो, पण ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही तिच्यावर तो करून पाहू नये.

पहाटे बंद, दहा वाजता चालू

बिघाड कोणत्या वेळी येतो याला मी फार महत्त्व देतो, आणि त्याचे कारण एका प्लेअरशी जोडलेले आहे. गंगाखेड तालुक्यातील एका गावच्या भजनी मंडळाचा हा प्लेअर. मंडळातील जुने मृदंगमणी वारले, पण त्यांच्या वादनाचे आणि काकड्याच्या चालींचे चित्रण एका डिस्कवर होते, आणि नवी मुले कार्तिकात देवळात बसून त्यावरून ठेका शिकत असत. दिवाळीनंतर थंडी पडू लागली तसा हा प्लेअर पहाटे ‘नो डिस्क’ दाखवू लागला. तीच डिस्क दहा वाजता लावली की चालत असे. त्यांनी तो एका ठिकाणी तीनदा साफ करून आणला. तिसऱ्या खेपेला तिथे पिकअपवरचा, म्हणजे लेन्स आणि लेसर बसवलेल्या भागावरचा, बारीक स्क्रू फिरवून लेसर वाढवून दिला गेला, आणि महिनाभर पहाटेही सारे सुरळीत चालले. त्यानंतर प्लेअर पहाटे, दुपारी, संध्याकाळी, कधीच डिस्क उचलेना. मंडळाचे बुवा तो माझ्यासमोर ठेवून एवढेच म्हणाले, “मास्तर, लेन्स पुसू नका, ती पुसून पुसून थकली. दुखणं काय आहे ते बघा.”

दुखणे प्लेअरला वीज पुरवणाऱ्या पट्टीवर होते. 5 व्होल्टच्या वाहिनीवरचा, वीज साठवून दाब स्थिर ठेवणारा 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर माथ्यावर किंचित फुगला होता. सुकत चाललेल्या कपॅसिटरचा आतला अडथळा थंडीत वाढतो आणि ऊब मिळाली की कमी होतो. स्पिंडल मोटर सुरू होण्याच्या क्षणी वीज जास्त ओढली जाते, आणि सकाळी मीटर लावून पाहिले तेव्हा त्या क्षणी 5 व्होल्टचे साडेचार व्होल्ट होत होते. खोली तापल्यावर घसरण कमी होई आणि प्लेअर चालू लागे. लेसर वाढवल्यामुळे संकेत काही दिवस पुरेसा झाला, पण कमजोर पुरवठ्याची भरपाई लेसरने केली आणि लेसर त्यातच गेला. सुरुवातीला एका स्वस्त कपॅसिटरवर भागणारे काम शेवटी कपॅसिटर आणि नवा पिकअप अशा दोन्हींवर गेले. हे सांगताना मला आजही वाईट वाटते, कारण बिघाडाची वेळ पहिल्याच दिवशी कोणी विचारली असती तर तो पिकअप वाचला असता.

थंडीत बंद आणि गरम झाल्यावर चालू, अशी तक्रार असेल तर पुरवठ्याचे कपॅसिटर आणि घट्ट झालेले ग्रीस आधी पाहावे. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्याही खाली जातो, तेव्हा जुने ग्रीस मेणासारखे होते आणि लेन्सला वाहून नेणारा भाग आतल्या कडेपर्यंत पोहोचतच नाही. याच्या उलट, सुरुवातीला चालतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने अडकू लागतो, विशेषतः चैत्र-वैशाखात, अशी तक्रार असेल तर लेसर थकलेला आहे किंवा मोटर चालवणारा आयसी तापतो आहे. लेसर डायोडला तेवढाच प्रकाश देण्यासाठी उष्णतेत अधिक वीज लागते. मे महिन्यात 42 अंशांच्या पुढे गेलेल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत, ॲम्प्लिफायरवर ठेवलेल्या प्लेअरमध्ये ती कमी पडू लागते. असा प्लेअर पंख्यासमोर ठेवल्यावर चालला, तर निदान जवळजवळ झालेच असे समजावे.

उघडल्यावर आधी नुसते पाहावे

प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नये, आणि काढल्यावरही पुरवठ्याच्या पट्टीवरील मोठ्या कपॅसिटरला हात लावू नये. 230 व्होल्टच्या पुरवठ्यातून तिथे सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि ते काही वेळ टिकून राहू शकतात. दोन्ही टोकांना बल्ब लावलेला होल्डर थोडा वेळ जोडून तो रिकामा करावा, पेचकस लावून ठिणगी पाडू नये. दुसरी सावधगिरी डोळ्यांची. बंद पेटीतला लेसर निरुपद्रवी असतो, उघडलेला तसा नसतो. सीडीचा किरण दिसत नसल्यामुळे डोळा मिटत नाही आणि इजा कळतही नाही. लेन्स पेटते का हे वाकून वरून कधीही पाहू नये. मोबाइलचा पुढचा कॅमेरा बाजूने धरून पडद्यावर पाहावे. तो कॅमेरा अदृश्य किरण टिपतो की नाही, हे टीव्हीच्या रिमोटचा दिवा त्यासमोर दाबून आधी पडताळून घ्यावे.

झाकण काढून, डिस्क न घालता, हात आणि बाह्या पूर्ण बाजूला ठेवून प्लेअर सुरू करावा आणि क्रम लक्षात ठेवावा. लेन्स आधी आतल्या कडेला सरकली पाहिजे, मग दोन-तीनदा वर-खाली झाली पाहिजे, आणि त्या वेळी लेसर उजळला पाहिजे. डिस्क घातल्यावर यानंतर मोटर फिरू लागते. जो टप्पा होत नाही, त्याच्याच आसपास दोष असतो. लेन्स आत सरकताना कट-कट आवाज करून थांबत नसेल, तर आतल्या टोकाचा लहान स्विच मळलेला आहे किंवा दात घासलेले आहेत. लेन्स वर-खाली होत नसेल, तर केबल किंवा वेटोळे तुटलेले आहे. लेन्स हलते, लेसर उजळतो, मोटर मात्र फिरत नाही, तर दोष मोटरचाच असेल असे नाही. किरण परत येऊन नेम धरला गेला नाही तर अनेक यंत्रे मोटर फिरवण्याचा पुढचा प्रयत्नच सोडून देतात.

ट्रे आत गेल्यावर वाचनाचा सगळा भाग शेवटच्या क्षणी वर उचलला जातो आणि वरचे चुंबकी गोल डिस्कला पकडते. हे काम रबरी पट्टा करतो. पट्टा सैल झाला की ट्रे आत गेल्यासारखा दिसतो, पण उचल अर्धवट राहते, डिस्क घसरते आणि ‘नो डिस्क’ येते. झाकण उघडे असताना हा भाग बोटाने हलकेच वर दाबल्यावर डिस्क चालली, तर पट्टा बदलावा. पट्टा गरम पाण्यात टाकून काढल्यास तो काही आठवडे आवळतो, त्यामुळे निदानासाठी ही युक्ती ठीक, उपाय म्हणून नाही. नोटांना लावायचा रबरबँड तर अजिबात वापरू नये. तो उष्णतेत चिकट होऊन गिअरला माखतो. पट्ट्याबरोबरच डिस्क टेकते ते रबरी कडे आणि चुंबकी गोलही पुसून घ्यावे, कारण तिथे तेलकट थर असला की डिस्क वेग घेताना मागे राहते.

आता लेन्स. हवेच्या रबरी फुग्याने आधी मोकळी धूळ उडवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेली कापसाची काडी लेन्सच्या स्वतःच्या वजनाएवढ्याच दाबाने एकदा-दोनदा फिरवावी आणि कोरड्या काडीने टिपून घ्यावे. तोंडाने फुंकू नये. वाफेबरोबर थुंकीचे कण जातात. पातळ करणारा थिनर आणि नखांचा रंग काढण्याचे द्रावण यांनी प्लास्टिकची लेन्स कायमची धूसर होते. ब्रश लावलेल्या साफसफाईच्या डिस्क मला पसंत नाहीत, कारण थकलेल्या तारांवर लटकणाऱ्या लेन्सला त्या वेगाने झटके देतात.

लेन्स वरून आरशासारखी दिसूनही वाचन होत नसेल तर तिच्या खालच्या तिरप्या आरशाकडे लक्ष द्यावे. देवघरातल्या उदबत्तीचा, धूप-कापराचा आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट धूर तिथे पातळ थर धरतो आणि वरच्या पुसण्याने तो कधीच निघत नाही. सेलू-मानवतकडच्या जिनिंगच्या परिसरातून आलेल्या प्लेअरमध्ये तर कापसाचा बारीक कीस ग्रीसला चिकटून मोटरच्या दांड्याभोवती वेटोळे करून बसलेला असतो. ‘साफ केले की पंधरा दिवस चालतो’ ही तक्रार या दोन्ही प्रकारांत हमखास ऐकू येते. आरसा पुसण्यासाठी लेन्सचा वरचा भाग उचलावा लागतो, त्या तारा केसांइतक्या नाजूक असतात, आणि ज्याचा हात बसलेला नाही त्याने नवा पिकअप घालणे हेच शहाणपणाचे. मुळात धूळ-धूर आत जाऊ नये म्हणून प्लेअरवर सुती कापड टाकावे, चालू करताना ते काढावे, आणि देवघर व चूल यांपासून तो दूर ठेवावा.

लेन्सच्या दांड्यांवरचे जुने ग्रीस पूर्ण पुसून काढल्याशिवाय नवे लावू नये. प्लास्टिकला चालणारे पांढरे ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढे पुरते. शिवणयंत्राचे तेल पातळ असल्यामुळे आठवड्याभरात पसरते आणि डिस्कला, पट्ट्याला, शेवटी लेन्सला लागते.

स्पिंडल मोटरबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सीडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते आणि बाहेर जाता जाता 200 वर येते. डीव्हीडी साध्या वेगातही आत 1400 च्या आसपास फिरते. म्हणून बुश झिजलेली मोटर सीडी बिनतक्रार चालवते आणि डीव्हीडीवर डुलू लागते. दांडा बोटाने आडवा हलवून पाहावा. खेळ जाणवला तर मोटर बदलावी. वीज काढून मीटर दोन्ही टोकांना लावावा आणि दांडा अगदी हळू फिरवावा. काटा किंवा आकडा एखाद्या जागी एकदम उडाला तर आतले ब्रश मळलेले आहेत. अशी मोटर त्या जागी थांबली की प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो, आणि ट्रे दोनदा उघड-बंद केल्यावर आपोआप चालतो. ‘कधी चालतो, कधी नाही’ या तक्रारीचे हे एक ठळक कारण आहे. मोटर बदलताना डिस्क टेकते त्या चकतीची जुनी उंची व्हर्निअरने मोजून लिहून ठेवावी आणि नवी चकती तेवढ्याच उंचीवर बसवावी. अर्धा मिलिमीटर चुकला तरी लेन्सच्या वर-खाली होण्याच्या कक्षेबाहेर डिस्क जाऊ शकते, आणि मग नवी मोटर घालूनही दुरुस्ती फसली असे वाटते.

पिकअपची फ्लॅट केबल प्रत्येक वेळी वाकते, आणि वळणापाशी तिची एखादी तार तुटते. डिस्क ठरावीक मिनिटाला अडकत असेल आणि तेथे लेन्स ठरावीक जागी पोहोचत असेल, तर केबल बदलून पाहावी. ती स्वस्त असते. टोके काळवंडली असतील तर मऊ खोडरबराने हलकेच पुसावीत. पुरवठ्यातले कपॅसिटर फुगलेले दिसले तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टमध्ये एक पायरी वरचे आणि 105 अंशांचे घालावेत, म्हणजे 10 व्होल्टच्या जागी 16 व्होल्टचा. न फुगलेला कपॅसिटरही सुकलेला असू शकतो, म्हणून डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा मोटर सुरू होतानाचे व्होल्ट मोजावेत. भारनियमनानंतर वीज परत येताना दाब वर-खाली होतो; त्या वेळी प्लेअरचा प्लग काढून ठेवण्याची सवय या कपॅसिटरचे आयुष्य वाढवते.

हे सारे निर्दोष निघाले तरच लेसर संपला असे म्हणावे. पिकअपवरचा तो बारीक स्क्रू हा कारखान्यात प्रत्येक पिकअपसाठी वेगवेगळा लावलेला असतो, आणि मापकाशिवाय तो फिरवणे मी कोणालाही सुचवत नाही. किंचित जास्त फिरला तरी डायोड काही क्षणांत किंवा काही दिवसांत जातो. अपवाद एकच मानतो : प्लेअर टाकूनच द्यायचा आहे, आणि एका डिस्कची प्रत काढण्यापुरता तो एकदा चालावा अशी इच्छा आहे. नवा पिकअप घेताना जुन्यावरचा क्रमांक पूर्ण उतरवून न्यावा, कारण दिसायला सारखे असणारे पिकअप आतून वेगळे असतात. नव्या पिकअपच्या लहान पट्टीवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका दिलेला असतो. केबल जोडून झाल्यावर तो काढावा लागतो, आणि तो काढायचे राहिल्यामुळे ‘नवा पिकअपही खराब निघाला’ म्हणून परत करणारे मी पाहिले आहेत. आमच्याकडच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात टेरिकॉटचे कपडे घालून पिकअपला हात लावण्याआधी जमिनीला जोडलेल्या धातूला स्पर्श करावा.

दुरुस्ती झाल्यावर एक गाणे वाजवून प्लेअर परत देऊ नये. लिहिलेली डिस्क, दोन थरांची डिस्क आणि सीडी अशा तिन्ही लावाव्यात, किमान दोन तास सलग चालवावे, मग रात्रभर बंद ठेवून सकाळी खोली गार असतानाच पहिली डिस्क लावावी. भजनी मंडळाचा प्लेअर मी तीन पहाटे, पाच वाजता, दुकानाच्या ओट्यावर उघड्या हवेत ठेवून सुरू केला. पहिल्या पहाटे डिस्क लागली, पण उशिरा. दांड्यांवरचे ग्रीस पुन्हा काढून नवे लावले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पहाटे ती पहिल्याच प्रयत्नात लागली. चौथ्या दिवशी बुवा आले तेव्हा मूळ डिस्कबरोबर तिच्या दोन प्रती आणि एक पेनड्राइव्ह त्यांच्या हाती दिला, आणि मूळ डिस्क यापुढे देवळात न लावता घरच्या लोखंडी पेटीत ठेवायला सांगितली.